जाऊबाईंनी कायदा घेतला

माझ्या थोरल्या जाऊबाईंशी वाद घालून जिंकलेला माणूस त्या काळी जुन्या जालन्यात जन्माला आलेला नव्हता. आला असता तर त्यांनी आधी त्याच्याकडे जन्माचा दाखला मागितला असता. भाजीवाली, दूधवाला, एस.टी.चा कंडक्टर, लग्नं जुळवणारे गुरुजी, आमचे सासरे आणि एकदा तर शाळा तपासायला आलेले कुणी मोठे साहेब, या सगळ्यांना त्यांनी जागच्या जागी निरुत्तर करून सोडलं होतं. गंमत अशी की हरलेला माणूस रागावून जायचा नाही. बाईंचा आवाज कधी चढायचाच नाही. पदर खांद्यावर घट्ट ओढून, मान किंचित तिरपी करून त्या विचारायच्या, "बरं, हे तुम्ही कशावरून म्हणून राह्यले?" आणि समोरच्याला एकदम वाटायचं, खरंच की, आपण हे कशावरून म्हणतोय?

मी त्या घरात धाकटी सून म्हणून आले ती सत्तर सालानंतर. घर मूळचं परतूरकडच्या शेतकऱ्याचं. सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, जुन्या जालन्यात धान्याची आडत टाकली होती आणि दुकानाच्या मागच्या खोल्यांतून, ज्वारीच्या पोत्यांच्या वासात, आमचा संसार चालायचा. सासूबाईंना आम्ही दोघी आत्याबाई म्हणायचो आणि जाऊबाईंना मी नुसतं 'बाई'. बाई लग्नाआधी थोडंफार कॉलेज शिकल्या होत्या. ते अर्धवट राहिलेलं शिक्षण त्यांना नव्या चपलेसारखं सारखं चावायचं. एका वर्षी गावातल्या कॉलेजानं एक नवीन टूम काढली. नुसतं बी.ए. होऊन पोरं घरी बसतात, म्हणून सोबत एखादा पोटापाण्याचा विषय घ्यायचा असं ठरलं. मुलांसाठी टायपिंग, हिशेब आणि कायदा, मुलींसाठी गृहशास्त्र. कायद्याच्या वर्गामागचा हेतू अगदी साधा होता: पोरांना अर्ज-दस्त लिहिता यावेत, एखाद्या वकिलाच्या हाताखाली चिकटता यावं. बाई नाव घालायला गेल्या तेव्हा कारकुनानं न विचारताच गृहशास्त्रावर बोट ठेवलं. बाई म्हणाल्या, "ते खोडा. घरकाम शिकवायला माझ्या घरी सासूबाई हायेत, रोज तास घेऊन राह्यल्या. मला कायदा पाहिजे."

मामंजींची परवानगी त्यांनी जेवणं झाल्यावर, सुपारी कातरताना काढली. मामंजी म्हणाले, "कायदा शिकून कुणावर दावा लावणार, सूनबाई?" बाई म्हणाल्या, "अजून ठरवलं न्हाई, मामंजी. आधी शिकून घेते. मंग घरातल्यांपासून सुरुवात करते." मामंजी इतके हसले की सुपारीचा तुकडा घशात जाऊन ठसका लागला, आणि हसलेल्या माणसाला मागाहून नाही म्हणणं अवघड जातं, हे बाईंना कायदा शिकण्याच्या आधीपासून माहीत होतं.

वर्ग भल्या सकाळी भरायचा, कारण शिकवणारे सर म्हणजे गावातलेच एक वकील होते आणि त्यांना पुढे कोर्ट गाठायचं असायचं. काळा कोट घडी घालून सायकलच्या कॅरिअरला लावलेला असायचा. वर्गात सगळी मिसरूड फुटलेली पोरं आणि बायका दोनच: एक आमच्या बाई, दुसऱ्या खरातबाई. खरातबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या, बौद्ध घरातल्या, मितभाषी, कडक इस्त्रीचं पातळ नेसणाऱ्या. पहिल्या दिवशी पोरांनी दोघींना मागच्या बाकावर जागा दिली. बाई उभ्याच राहिल्या आणि सरांना म्हणाल्या, "सर, मागून फळा दिसत न्हाई. आणि फळा न दिसता शिकवलं तर ते शिकवणं कायद्यानं धरायचं का न्हाई?" सरांनी पहिला बाक रिकामा करून दिला. खरातबाई मला पुढे कधीतरी म्हणाल्या, "शाळेपासून मी मागंच बसत आले. पुढच्या बाकावर बसायला असं नुसतं विचारावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं." त्या दोघींची मैत्री तिथून जुळली ती जुळलीच.

मग आमच्या घराचं कोर्ट झालं. भाकरी थापताना बाई कलमं पाठ करायच्या. एका भाकरीला एक कलम, आणि कलम लांब असलं की भाकरी परातीएवढी व्हायची. एकदा दूध उतू गेलं. आत्याबाईंनी मांजरापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना फैलावर घेतलं. मांजर, म्हणे, चुलीपाशी आलं, म्हणून मी त्याला हाकलायला उठले, म्हणून दूध उतू गेलं. बाईंनी पदर ओढला. "आत्याबाई, मांजर आलं हे पाह्यलं कुणी?" कुणीच पाहिलं नव्हतं. "सुमन उठली हे?" तेही नाही. "मंग दोघांनाही संशयाचा फायदा द्यावा लागतो." आत्याबाई म्हणाल्या, "फायदा त्यांना, आणि दूध कोण देणार मला? तुझे सर?" मंडईत तर बाईंबरोबर जायची मला लाज वाटायची. भाजीवालीच्या टोपलीतलं वांगं उचलायच्या आणि आधीच बजावायच्या, "हे नुसतं बघणं हाये हं, घेणं न्हाई. मी हो म्हटल्याशिवाय करार झाला न्हाई." भाजीवाली शेवटी शेवटी त्यांना लांबून पाहिलं की स्वतःच ओरडायची, "या बाई, नुसतं बघा, करार करू नगा!"

थोरले दीर, म्हणजे बाईंचे यजमान, फार कमी बोलायचे. दिवसभर मोंढ्यात पोत्यांचा लिलाव ऐकून त्यांचे कान किटलेले असत. संध्याकाळी बाई त्यांना न्यायाधीश करून गादीवर बसवायच्या, मला आरोपी करायच्या आणि स्वतः दोन्ही बाजूंचे वकील व्हायच्या. मी त्या वर्षात दरोडा घातला, खोटी नाणी पाडली, शेजाऱ्याची म्हैस पळवली आणि दर वेळी निर्दोष सुटले, कारण आरोपीचा वकील सरकारी वकिलापेक्षा कायम हुशार निघायचा. न्यायाधीश बहुतेक वेळा पेंगायचे. बाईंनी हलवून विचारलं, "काय निकाल?" की डोळे न उघडता म्हणायचे, "तू म्हणतीस ते बराबर हाये." बाई म्हणायच्या, असा न्यायाधीश मिळायला नशीब लागतं.

हे सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण त्याच वर्षी घरात एक गोष्ट अशी होती की तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. माझी नणंद शकू. तिला शहागडच्या अलीकडे, गोदावरीच्या काठच्या एका गावात दिलेली. पंचमीला माहेरी आली, आणि मग तिला न्यायला कुणी आलंच नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली. मामंजींनी माणूस पाठवला तेव्हा निरोप आला, "लेकरूबाळ न्हाई, नेऊन काय करायचं?" शकू तेव्हा विशीतली. दिवसभर निवडणं, टिपणं, झाडणं करायची आणि कुणी काही विचारलं तर मान हलवायची. कितीतरी दिवसांत मी तिचा धड आवाज ऐकला नव्हता. बाईंच्या कोर्टात ती प्रेक्षक म्हणून भिंतीला टेकून बसायची, पण हसायची नाही.

मे महिना होता. बाईंची परीक्षा होऊन गेली होती, निकाल लागायचा होता. एका रणरणत्या दुपारी खरातबाई छत्री घेऊन आल्या. त्यांचा भाऊ शहागडला शाळेत मास्तर होता. त्याच्याकडून कळलं होतं की शकूच्या नवऱ्याचं दुसरं लग्न ठरलंय, शहागडच्याच एका मुलीशी, येत्या गुरुवारी, गोरज मुहूर्तावर. खरातबाई पाण्याचा पेला हातात तसाच धरून म्हणाल्या, "आणि मुलीकडच्यांना सांगितलंय, पह्यली बायको वारली म्हणून."

शकू दाराआड उभी होती. तिच्या हातातलं सूप खाली पडलं. आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. मामंजी दुकानातून आत आले, ऐकलं, आणि भिंतीकडे तोंड करून बसले. "पोरीची बाजू पडती असती," एवढंच म्हणाले. "आपण काय करणार?"

बाई तशाच मला घेऊन सरांच्या घरी गेल्या. सर बनियनवर बसून आंबा चोखत होते. सगळं ऐकून म्हणाले, "सरळ गुन्हा हाये. पह्यली बायको हयात असताना दुसरं लग्न. पण दिवाणी कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी. मनाई हुकूम आत्ता जल्दी मिळणं कठीण." बाई म्हणाल्या, "मंग पोलिसात?" सर म्हणाले, "अहो, लग्न लागल्याशिवाय गुन्हाच पुरा होत न्हाई. सप्तपदी होऊ द्या. ते झालं की बघा, केस कशी भक्कम होती!" आणि खरंच त्यांच्या चेहऱ्यावर उत्साह आला. बाईंनी पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "सर, तुम्हाला केस भक्कम पाहिजे. मला नणंद भक्कम पाहिजे." आणि नमस्कार करून उठल्या.

गुरुवारी सकाळी आम्ही अंबडच्या देवीला जातो म्हणून घरी सांगितलं: बाई, मी, शकू आणि थोरले दीर. बाईंनी आम्हाला खरोखरच अंबडला उतरवलं, देवीच्या पायऱ्या चढवल्या, दर्शन घ्यायला लावलं. "खोटं बोललेला साक्षीदार फुटतो," त्या म्हणाल्या. मग पुढची गाडी पकडून शहागड. गाडीत शकूनं एकदाच विचारलं, "वहिनी, मी कशाला? मला बघून हसतील." बाई म्हणाल्या, "तू काही बोलू नको. तू नुसती जिवंत राहा. तेवढा पुरावा बिलकुल पुरे."

मांडव हमरस्त्यापासून थोडा आत होता. रस्त्यानं ट्रक धडधडत चालले होते, बँडवाले घामानं निथळत होते, पलीकडे नदीचं पाणी उन्हाळ्यानं पार एका कडेला गेलेलं. उन्हं कलली होती. अंतरपाट धरला होता, गुरुजींनी मंगलाष्टकं सुरू केली होती, लोक मुठीत अक्षता घेऊन उभे होते. मी मांडवाच्या खांबाशीच थांबले. बाई मात्र मंडईत शिराव्या तशा शिरल्या. गुरुजींनी लांब सूर लावून "सावधान" म्हटलं आणि बाई तितक्याच शांतपणे म्हणाल्या, "तेच सांगायला आलेय मी. सावधान."

बँड आपोआप थांबला. बाईंनी पदर खांद्यावर घट्ट ओढला. "मुलीचे वडील कोण?" एक फेटेवाले, साध्या चेहऱ्याचे गृहस्थ पुढे आले. "नवरदेवाची पह्यली बायको वारली, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" ते गोंधळून नवऱ्यामुलाच्या मामाकडे पाहू लागले. तो मामा म्हणजे आडदांड माणूस, लग्नाचा सगळा कारभार त्याच्याच हातात. तो ओरडला, "कोण हायेत या? काढा बाहेर! गुरुजी, मुहूर्त टळून राह्यला, चालू करा!"

गुरुजींनी घसा खाकरला. तेव्हा बाई पाहुण्यांकडे वळल्या. वर्गात सर जसे बोलत तसं, सावकाश, एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "मंडळी, बायको हयात असताना दुसरं लग्न लावणं हा फौजदारी गुन्हा हाये. नवरदेवाला तर शिक्षा हायेच. पण गुन्ह्याला मदत करणाऱ्यालाही हाये. लग्न लावणारे गुरुजी, वाजवणारे बँडवाले, अंतरपाट धरणारे. आणि अक्षता टाकणारे. आता ज्यांना टाकायच्या त्यांनी खुशाल टाका. फक्त टाकायच्या आधी आपलं पूर्ण नाव मोठ्यानं सांगा."

असा मांडव मी जन्मात पुन्हा पाहिला नाही. सगळ्यांच्या मुठी तशाच मिटलेल्या. अक्षता टाकता येईनात आणि हातात ठेवायचीही भीती. एका म्हाताऱ्यानं हळूच आपल्या अक्षता शेजाऱ्याच्या टोपीत सोडल्या. बँडमास्तरानं पिपाणीचं तोंड पुसून ती पिशवीत घातली. अंतरपाट धरणाऱ्या दोघांपैकी एकाला एकदम तहान लागली आणि अंतरपाट एका बाजूनं खाली आला. गुरुजी म्हणाले, "मला आधी सांगायला पाहिजे होतं," आणि पाट सोडून उभे राहिले.

मामा तरीही हटेना. "थापा मारून राह्यली बाई! ती मेली, साऱ्या गावाला माहीत हाये!"

तेव्हा माझ्या मागून शकू पुढे झाली. तिनं डोईवरचा पदर मागे सारला. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. ती नवऱ्याकडे बघत होती. तो मुंडावळ्यांच्या आड मान खाली घालून उभा.

"मी वारले न्हाई," शकू म्हणाली.

एवढंच. पण तो आवाज रस्त्यावरच्या ट्रकांच्या वर गेला. मुलीच्या वडलांनी डोक्यावरचा फेटा काढून हातात घेतला आणि नवरदेवाच्या मामापुढे जाऊन म्हणाले, "माझ्या लेकीला मेलेल्या बाईच्या जागी देऊन राह्यलो होतो मी, आणि बाई तर जिवंत उभी हाये. निघा. हे लग्न मोडलं." नवरी अजून शाळकरी वाटावी अशी पोर होती. ती रडली वगैरे नाही; तिनं पहिल्यांदा कपाळावरच्या मुंडावळ्या सोडल्या आणि घाम पुसला.

आता मामानं पवित्रा बदलला. "बरं, झालं गेलं. मंग हिलाच घेऊन जातो आम्ही. चल गं, बस गाडीत." खरं सांगते, मला वाटलं, जिंकलो! यासाठीच तर आलो होतो. थोरल्या दिरांनीही सुटकेचा श्वास टाकला. पण बाई शकूकडे वळून म्हणाल्या, "शकू, तुझं काय म्हणणं हाये?"

शकूचं लग्न ठरवताना, तिला सासरी धाडताना, माहेरी ठेवून घेताना हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिनं नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "जितेपणी मला मेलेली सांगणाऱ्याच्या घरी मी जाणार न्हाई." आणि थोरले दीर, ज्यांना आम्ही कधी मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं, ते साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ती म्हणती ते बराबर हाये!"

वऱ्हाड गेलं. आम्हीही निघालो, तर नवरीची आई आडवी आली. "स्वयंपाक झालेला हाये. माझी पोर वाचवली तुम्ही. जेवल्याशिवाय जायचं न्हाई." मग आम्ही त्या न लागलेल्या लग्नाच्या पंगतीला बसलो. वांग्याची रस्साभाजी, वरणभात, बुंदी. वाढायला स्वतः नवरी. गुरुजी आणि बँडवालेही आमच्याच ओळीत. बाई बुंदी मागून घेत म्हणाल्या, "घ्या गुरुजी, जेवणाला कलम न्हाई."

घरी पोचलो तेव्हा मामंजी ओट्यावर येरझारा घालत होते. "देवीचं दर्शन झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," बाई म्हणाल्या, "नंतर शहागडलाही जाऊन आलो," आणि सगळं सांगितलं. मामंजी खालीच बसले. मग त्यांना काय विचारावं ते सुचेना म्हणून की काय, त्यांनी शकूला विचारलं, "जेवलीस का, बाळ?"

"जेवले, दादा."

"कुठं?"

"माझ्या नवऱ्याच्या लग्नात," शकू म्हणाली, आणि हसली. आधी ती, मग मी, मग दीर, मग डोळे पुसत पुसत आत्याबाई. शेजारचे लोक काय झालं म्हणून बघायला आले इतकं आम्ही हसलो.

पुढे सरांच्या कानावर ही गोष्ट गेली. निकालाच्या दिवशी ते स्वतः सायकलवरून आले. कायद्याच्या विषयात बाई कॉलेजात पहिल्या आल्या होत्या, खरातबाई दुसऱ्या. पेढा तोंडात टाकून सर म्हणाले, "एक चूक झाली तुमची. नुसत्या अक्षता टाकल्यानं कुणी गुन्हेगार होत न्हाई. मीच शिकवलं होतं की." बाई म्हणाल्या, "मला माहीत होतं, सर. पण ज्यांच्या मुठीत अक्षता होत्या त्यांना कुठं माहीत होतं?" सरांनी दुसरा पेढा उचलला आणि म्हणाले, "तुम्ही औरंगाबादला जाऊन पुरती वकिली शिका."

त्या गेल्या नाहीत. शिकायला गेली ती शकू. आधी कॉलेजात, मग अध्यापनाच्या कोर्सला, आणि नंतर परतूरच्या शाळेत तिनं आयुष्यभर पोरींना शिकवलं. पण बाईंची वेळ आली तेव्हा आत्याबाईंचं अंग लुळं पडलं, मग मुलं झाली, मग मामंजी गेले. औरंगाबादची गाडी रोज जालन्याहून सुटत राहिली. मी एकदा विचारलं, वाईट वाटतं का. गहू निवडता निवडता त्या म्हणाल्या, "वाटतं की. न वाटायला काय झालं? पण रोज न्हाई वाटत." आणि पुन्हा निवडायला लागल्या.

वकील नव्हत्या त्या, पण शहागडनंतर बायका घर विचारत यायला लागल्या. मोंढ्यातल्या हमालांच्या बायका, खेड्यांतून एस.टी.नं आलेल्या, कुणी सासूच्या नकळत, कुणी सासूला घेऊनच. बाई त्यांचं ऐकायच्या, कुणाकडे जायचं ते सांगायच्या, कधी बरोबर जायच्या. थोरले दीर वारल्यावर मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. तिथं फ्लॅटमध्ये भांडायला कुणी नाही, अशी फोनवर तक्रार करायच्या. तिथंच गेल्या, एका सकाळी, चहा पिता पिता.

बायका अजूनही येतात. दारात उभ्या राहून विचारतात, "कायदेवाल्या बाई इथंच राहतात ना?" मी सांगते, त्या आता नाहीत. मग त्या घुटमळतात, पायांतली चप्पल काढायची की वळायचं ते त्यांना ठरवता येत नाही. मला कायद्यातलं काही येत नाही. मी म्हणते, "आलाच हायेत तर या आत, बसा जरा." आणि चहा ठेवून त्यांच्यासमोर बसते. बसले की त्या बोलायला लागतात.